टीम फुटते कशी अन् टिकवायची कशी: गावाकडच्या चॅनेलवाल्या, नाटकवाल्या पोट्ट्यांसाठी

आपल्याइकडे टीम केव्हा फुटते हे कधी नीट पाहिलं का? व्ह्यू येत नसतात तेव्हा नाही फुटत. तेव्हा तं सगळे सोबतच राहतात, पानठेल्यावर बसून पुढच्या एपिसोडचे डायलॉग मारतात, पेट्रोल ज्याच्या खिशात पैसे असन तो टाकते, अन् कॅमेरा म्हणजे ज्याचा मोबाईल नवीन तो. फुटते एखादा व्हिडिओ चालल्यावर. लोक बसस्टँडवर ओळखायला लागतात, तालुक्याचा कोणी दुकानदार फोन करते की आमची जाहिरात करून द्या, आणि पंधरा दिवसात त्याच पानठेल्यावर दोघं अन् दुसऱ्या चौकात तिघं.

माझं काम एडिटिंगचं, दोन-चार टीमचं फुटेज माझ्याकडे येते, त्यामुळे भांडणाच्या दोन्ही बाजू ऐकायला भेटतात. मुद्दा बहुतेक एकच निघते. खिशात काही नव्हतं तेव्हा ज्या गोष्टी पाच मिनिटात ठरल्या असत्या, त्या पैसा आल्यावर ठरवायला बसले, अन् तेव्हा दरएकाच्या डोक्यात स्वतःचा आकडा पक्का झालेला होता. म्हणून हे लिहून राहिलो. यूट्यूबवाले, शॉर्ट फिल्मवाले, गणपतीत नाहीतर शारदा उत्सवात नाटक बसवणारे, ऑर्केस्ट्रावाले, सगळ्यांना कमीजास्त लागू पडते.

माणसं किती

पाच. सहा झाले तरी भागते, त्याच्यावर जाऊ नका. हिशोब साधा आहे, चार जण असले तं आपसातल्या जोड्या होतात ६, पाच असले तं १०, आठ झाले की २८ अन् बारा झाले की डायरेक्ट ६६. एवढ्या जोड्यांपैकी कोणाचं तरी कोणाशी वाजलेलंच राहीन ना, आणि ते शूटच्या दिवशीच निघते.

दुसरं असं की माणसं वाढली म्हणून काम वाढत नाही. फ्रान्समध्ये रिंगेलमान नावाचा एक शेतकी इंजिनियर होता, त्यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला, १९१३ साली ते छापून आलं. आठ जण मिळून ओढत तेव्हा दरएकाचा जोर, एकटा ओढताना लागते त्याच्या निम्म्यावर आला होता. थोडं कारण हे की सगळे एकाच झटक्यात ओढत नाहीत, अन् थोडं हे की बाकीचे आहेत ना ओढायला. आपल्या शूटवर पाहा, बारा जण आलेले राहतात अन् रिफ्लेक्टर धरायला कोणी सापडत नाही, चहा आला की बाराचे चौदा होतात.

आता गावात खरी अडचण ही की नाही म्हणता येत नाही. मामेभाऊ म्हणते, ‘मले घे ना बे एखाद्या सीनमध्ये, मी का वाईट दिसतो?’ नाही म्हणलं तं लग्नापर्यंत बोलत नाही. यावर उपाय असा: आतले पाच वेगळे अन् बाहेरचे वेगळे. आतल्या पाचांचा हिस्सा अन् मत, बाहेरच्यांना त्या सीनपुरतं बोलवायचं, जेवण, येण्याजाण्याचं पेट्रोल अन् शेवटी पडद्यावर नाव. हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायचं, ‘भाऊ, हा सीन तुझा, चॅनेल आमचं.’ वाईट नाही वाटत कोणाला, उलट नाव आलं की तोच पूर्ण वाडीत लिंक पाठवते.

आणि तारीख जवळ आली म्हणून ऐनवेळी माणूस वाढवू नका. फ्रेड ब्रुक्स म्हणून अमेरिकेतले एक कॉम्प्युटरवाले होते, त्यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात अजून माणसं टाकली तं त्याला अजून उशीर होते. नाटकाचंही तेच. प्रयोग चार दिवसांवर असताना नवीन माणूस घेतला की ज्याला सगळं पाठ आहे तोच त्याला शिकवत बसते.

शेवटचा शब्द कोणाचा

‘आपण सगळे सारखे, सगळे मिळून ठरवू’ हे ज्या टीममध्ये पहिल्या दिवशी म्हटलं गेलं ती माझ्या पाहण्यात कधी दुसऱ्या दिवाळीपर्यंत गेली नाही. सारखे राहा ना, हिश्शात राहा, जेवणात राहा, पण सीन कुठून घ्यायचा हे पाच जणांच्या मतानं ठरवायला गेले तं ऊन निघून जाते.

आपल्या झाडीपट्टीकडेच पाहा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळी झाली की मंडई (म्हणजे गावची जत्रा) अन् शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं गावोगाव नाटक लागते ते होळीपर्यंत. नाटक कंपन्यांची ऑफिसं गडचिरोलीतल्या वडशाला, आज या गावात प्रयोग, उद्या त्या गावात, रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालते. तालमीला मुंबई-पुण्यासारखा वेळ कोणाजवळच नाही, म्हणून प्रॉम्प्टरचा, म्हणजे आडून वाक्य सांगणाऱ्याचा भरवसा. इतक्या धावपळीत हे काम पिढ्यानपिढ्या चालू आहे, यातूनच परशुराम खुणे यांच्यासारखा हजारो प्रयोग केलेला कलावंत निघाला ज्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मला विचाराल तं हे चालते कारण कोण काय सांभाळते याच्यावर तिथे चर्चा नाही. पैशाचं निर्मात्याला विचारा, स्टेजवरचं दिग्दर्शकाला, वाक्य विसरलं तं प्रॉम्प्टरकडे कान द्या. प्रयोग सुरू असताना ‘हा सीन मले पटत नाही’ म्हणून कोणी थांबत नाही, पटत नसन तं गाडीत बसल्यावर बोल.

तुमच्या पाच जणांत एवढंच करा. गोष्टीचा शेवटचा शब्द लिहिणाऱ्याचा, सेटवरचा दिग्दर्शकाचा, कापाकापीचा एडिटरचा, खर्चाचा हिशोबाची वही ठेवणाऱ्याचा. एकाच माणसाकडे दोन कामं आली तरी चालते. दरवेळी दिग्दर्शक बदला वाटलं तं, या व्हिडिओला तू पुढच्याला मी, पण एका व्हिडिओला एकच. बाकीच्यांनी बोलायचं नाही असं नाही, भरपूर बोला, पण स्क्रिप्ट वाचताना बोला. शूटच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणालाही काहीही म्हणायची मोकळीक, सकाळी कॅमेरा लागला की दिग्दर्शक म्हणन तसं.

कट, म्हणजे कापून जोडलेला व्हिडिओ, दाखवायचा तेव्हा सगळ्यांना एकत्र बसवून, एकदाच दाखवा. व्हॉट्सअॅपवर टाकला की एक जण सकाळी बदल सांगते, दुसरा रात्री उलटा सांगते, अन् तिसरा नुसता अंगठा दाखवते, ज्याचा अर्थ पाहिलाच नाही असा राहते. बदलाच्या फेऱ्या दोन, तिसरी मागायची असन तं एडिटरला चहा नाही, पैसे द्या. (हे मी एडिटर म्हणून नाही सांगून राहिलो. बरं, थोडं म्हणूनही.)

पैसा

इथे जरा थांबून वाचा. बऱ्याच पोट्ट्यांना वाटते की आपण काही कंपनी काढली नाही, आपला कायद्याशी काय संबंध. तसं नाही भाऊ. धंदा सोबत करायचा अन् नफा वाटून घ्यायचा एवढं तोंडी ठरलं असन तरी भागीदारी धरल्या जाऊ शकते, अन् १९३२ च्या भागीदारी कायद्यात लिहिलेलं आहे की वेगळं काही ठरलं नसन तं नफा सगळ्यांत सारखा, अन् मी जास्त राबलो म्हणून वेगळा मेहनताना मागता येत नाही. म्हणजे तीन रात्री जागून कट करणारा अन् दोन वाक्य बोलून घरी जाणारा, दोघं सारखे. तुम्हाला हे चालत असन तं ठीक, नसन चालत तं आधी बोला.

मला स्वतःला पटणारी वाटणी सांगतो. समजा एका जाहिरातीचे १०,००० आले. पहिले त्या व्हिडिओचा खर्च काढा, पेट्रोल, जेवण, भाड्याचा माईक मिळून समजा २,५००. राहिले ७,५००. त्याच्यातले २० टक्के, म्हणजे १,५००, टीमच्या गल्ल्यात, पुढचा माईक नाहीतर हार्डडिस्क घ्यायला. उरले ६,०००. आता पाच जणांचा एक-एक हिस्सा, अन् लिहिणाऱ्याला अन् एडिटरला अर्धा-अर्धा जास्त, झाले सहा हिस्से. तिघांना १,००० अन् या दोघांना १,५००. तो जास्तीचा अर्धा माणसाला नाही, कामाला आहे, पुढच्या व्हिडिओला दुसऱ्यानं लिहिलं तं तो अर्धा त्याच्याकडे जाईन. हे एवढं एक वाक्य लिहून ठेवलं तरी निम्मे रुसवे मिटतात.

सामानाचं पण पाहा. कोणीतरी सोयाबीनच्या पैशातून गिंबल (मोबाईल न हलता धरायचा दांडा) घेते, मोठ्या मनानं म्हणते ‘आपलंच आहे’, अन् सहा महिन्यानं भांडणात तेच पहिले निघते, ‘गिंबल माझा होता म्हणून तुम्ही शूट करत होते.’ ज्याची वस्तू त्याचीच राहू द्या, दर शूटला गल्ल्यातून शंभर-दोनशे भाडं द्या, टीमच्या कामात मोडली तं दुरुस्ती गल्ल्यातून.

वही कोणाकडे? जो पडद्यावर दिसते त्याच्याकडे नको, अन् चॅनेल ज्याच्या नावावर त्याच्याकडे तं बिलकुल नको. शूट झालं त्याच रात्री पानाचा फोटो ग्रुपवर. उद्या टाकतो म्हणलं की ते पान कधी येत नाही.

चॅनेल कोणाच्या जीमेलवर

बहुतेक जागी चॅनेल ज्याच्या मोबाईलवर पहिले उघडलं त्याचं होऊन बसते. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर अन् मागच्या १२ महिन्यात ४,००० तासांचा वॉच टाइम लागते, नाहीतर शॉर्ट्सचे ९० दिवसात १ कोटी व्ह्यू. तोपर्यंत कोणाला पडलेली नसते. पुढं काय होते, कमाई १० डॉलरच्या जवळ गेली की पत्ता तपासायला पोस्टानं पिन येते, पोस्टमन ते पाकीट एका घरी देते, अन् त्या घरचा बाप पूर्ण गावाला सांगते की माझ्या पोराला अमेरिकेतून चिठ्ठी आली. झालं, तिथून चॅनेल एकाचं. १०० डॉलर जमा झाले की पैसे बँकेत, अन् खातं एकाच माणसाच्या नावावर.

आता खातं एकाच्याच नावावर राहीन, त्याला इलाज नाही, पण बाकी गोष्टी हातात आहेत. चॅनेल ब्रँड अकाउंटवर, म्हणजे चॅनेलच्या नावाच्या गुगल खात्यावर ठेवा, त्याला एकापेक्षा जास्त मालक करता येतात, दोघांना मालक करा. बाकीच्यांना त्याच अकाउंटवर मॅनेजर करा, पासवर्ड कोणाला द्यायची गरज पडत नाही. अन् दर महिन्याच्या कमाईच्या पानाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर, दहा रुपये आले असन तरी.

गाणं-म्युझिकचं एक. कोणाचं उचललेलं गाणं टाकू नका, ९० दिवसात कॉपीराइटचे तीन स्ट्राइक पडले की चॅनेलच जाऊ शकते, अन् ते ज्यानं टाकलं त्याच्या एकट्याचं जात नाही. आणि आपल्याच टीममधल्या कोणी गाणं लिहिलं, चाल लावली, तं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं हक्क दुसऱ्याला देणं हे लेखी अन् सहीनिशी लागते, मुदत लिहिली नसन तं पाच वर्षच धरतात. तोंडी ‘घे वापर’ म्हणलेलं उद्या दोघांनाही वेगवेगळं आठवते.

ज्याचा चेहरा चालला

कॉमेडी चॅनेल असलं की हे होतेच. पाच जण राबतात, लोक एकालाच ओळखतात. दहीहंडीला त्याला बोलावणं, दुकानाच्या उद्घाटनाला त्याला बोलावणं, पाकीट त्याच्या हातात. यात त्याचा काही गुन्हा नाही. पण ज्यानं ते पात्र लिहिलं तो घरी बसून स्टेटस पाहते, अन् त्याच्या पोटात काय होते ते तोच जाणे.

मग ठरवायचं काय? माझं मत, पाकीट ज्याला भेटलं त्यालाच ठेवू द्या, पण पात्राच्या नावानं, पात्राच्या कपड्यात गेला असन तं त्यातला ठरलेला भाग गल्ल्यात. स्वतःच्या नावानं गेला तं एक रुपया मागू नका. आणि पात्राचं नाव टीमचं, सोडून गेला तं त्या नावानं दुसरं चॅनेल काढायचं नाही. हे पहिला व्हिडिओ टाकायच्या आधी बोला. व्हिडिओ चालल्यावर हेच वाक्य बोललं तं त्याला वाटते जळून राहिले लेकाचे.

दुसरीकडून पण थोडं करा, कॅमेऱ्यामागच्यांना दिसू द्या. दर चार-पाच व्हिडिओनंतर शूटिंग कसं झालं याचा एक छोटा व्हिडिओ टाका, लिहिणारा, माईकवाला, एडिटर, सगळे त्यात. फुकटात होते अन् खूप कामाचं राहते.

पेरणी, वेचणी, लगन

शहरातल्या टीमला हे समजणार नाही. जूनमध्ये पेरणी, पुढं पूर्वेकडे धानाची रोवणी, ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाची वेचणी अन् तूर, एप्रिल-मे मध्ये लगनसराई अन् असं ऊन की मोबाईल गरम होऊन कॅमेराच बंद पडते. या काळात जो येत नाही तो कामचोर नाही, त्याच्या घरी मजूर भेटून नाही राहिला. पण बाकीचे ग्रुपवर टोमणे मारतात, ‘साहेब आता मोठे झाले’, अन् तिथून वाकडं लागते. पोळ्याच्या आधी बसून पूर्ण वर्षाचे शूटचे दिवस ठरवा, मोकळ्या दिवसात दोन-दोन एपिसोड काढून ठेवा, अन् वेचणीच्या महिन्यात शूट नाही म्हणजे नाही. दर शूटवरून निघायच्या आधी पुढची तारीख तिथेच ठरवायची, घरी गेल्यावर फोनवर ती ठरत नाही.

मुलगी टीममध्ये असन तं

पहिले तिच्या घरी जा. फोन नाही, जा, आईसमोर बसून सांगा काय करतो, कोण-कोण राहते, किती वाजता घरी सोडतो. शूट उजेडात संपवा, सोडायला दोघं जा, शेवटच्या एसटीच्या भरवशावर ठेवू नका. तिच्या व्हिडिओखालच्या घाण कमेंट तिला वाचायला लागू नये, यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये शब्द टाकून अडवता येतात, ते काम एका पोट्ट्यानं घ्यायचं. हिस्सा तिच्या हातात द्या, भावाच्या नाही. आणि सेटवर चहा-पोह्याचं तिच्याकडे ढकलू नका, हे सांगावं लागते याचीच लाज वाटते पण सांगावं लागते. लग्न ठरलं की सोडून जाईन म्हणून तिला मोठा रोल देत नाहीत, अरे पोट्टेही पुण्याला कंपनीत लागले की जातातच ना.

सोडून जाणारा

झाडीपट्टीतून घ्यायची सगळ्यात कामाची गोष्ट ही की तिथे काम सीझनचं राहते. कलाकार या वर्षी एका कंपनीत, पुढच्या वर्षी दुसऱ्या, अन् तरी समोरासमोर आले तं रामराम होते. आपण मात्र दोस्तीची शपथ घेऊन चॅनेल काढतो, मग जाणारा एकदम गद्दार होते. टीम एका सीझनपुरतीच करा. होळी झाली की बसा, ज्याला राहायचं तो राहीन, ज्याला जायचं तो जाईन, नवीन कागद नव्या सीझनला.

कागद म्हणजे वहीचं पान, पाच सह्या अन् तारीख. एवढं लिहिलं तरी पुरे:

‘या सीझनला आम्ही पाच जण सोबत काम करू. खर्च वजा जाता २० टक्के गल्ल्यात, बाकीचे सहा हिस्से, लिहिणारा अन् एडिटर दीड-दीड, बाकीचे एक-एक. चॅनेलचे मालक हे दोघं, वही याच्याकडे. कोणी मध्येच सोडलं तं त्यानं काम केलेल्या व्हिडिओतला हिस्सा त्याला पुढचे सहा महिने भेटीन. जुने व्हिडिओ कोणी उतरवणार नाही. पात्राचं नाव टीमचं. पटलं नाही तं आधी समोर बसून बोलू, ग्रुपवर नाही.’

मोठा पैसा यायला लागला की वकिलाकडे जाऊन नीट भागीदारीचा कागद करा अन् फर्म रजिस्टर करा, कारण रजिस्टर नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातला हक्क मागायला कोर्टात जाता येत नाही. तोपर्यंत वहीचं पान चालते, ते कोर्टासाठी नाहीच, दोन वर्षानं कोण काय बोललं होतं ते पाहायला आहे.

भांडण झालंच तं त्या रात्री कोणी काही डिलीट करायचं नाही, पासवर्ड बदलायचा नाही, लाइव्ह यायचं नाही. दोन दिवस जाऊ द्या. गावातला एखादा भजन मंडळातला म्हातारा बोलवा, त्यानं असे दहा रुसवे निस्तरलेले राहतात, पेटीवाल्याचं अन् तबलेवाल्याचं तं ठरलेलंच राहते. दोन्हीकडचं ऐकून तो सांगीन तसं करा.

अन् नाहीच जमलं, बंद करायचं ठरलं, तं अर्धे शूट केलेले एपिसोड पूर्ण करून टाका, गल्ला वहीप्रमाणे वाटा, ज्याचं सामान त्याच्या घरी पोचवा. एडिटरचे राहिलेले पैसे मात्र सगळ्यात पहिले द्या, पूर्ण फुटेजची हार्डडिस्क त्याच्याच घरी पडलेली राहते.